चैत्रात मोजलेलं घर

"रागावल्यावर तुम्ही घरात कुठं जाऊन बसता?"

पडद्याचं काम आलं की माप घेण्याआधी मी गिऱ्हाइकाला हे हमखास विचारते. लोक चमकतात. वाशिंदच्या एका साहेबांनी तर मला तोंडावर सुनावलं होतं, "बाई, तुम्ही पडदे शिवायला आलात की चौकशी करायला?" मी म्हटलं, दोन्हीला. तेवढ्यात त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "गॅलरीत बसतात, वॉशिंग मशीनच्या मागं." मग गॅलरीलाच एक जाडसा पडदा शिवून दिला. साहेब अजून दिवाळीला फोन करतात.

माझे आणखीही प्रश्न असतात. सकाळचा पहिला चहा कोण कुठं बसून पितं? पाहुणा आला की घरातलं कोण उठून उभं राहतं? ओले कपडे कुठं वाळतात? फोनवर बोलायचं असलं की मुलगी कुठं जाते? शहापुरात माझ्या माघारी मला चौकशीबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणोत. कापड काय, दुकानात कुणालाही मिळतं. मला खरी उत्सुकता असते ती एवढ्याशा जागेत माणसं एकमेकांच्या पायात पाय न अडकवता राहतात कशी याची. पंचवीस वर्षं झाली मशिनवर बसून, पण हे कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही.

धंदा सांगायला सोपा आहे. खिडकीची रुंदी मोजायची आणि तिच्या दुप्पट कापड घ्यायचं, म्हणजे चुण्या नीट पडतात. सुती कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते चार बोटं आटतं आणि गिऱ्हाईक भांडायला दारात उभं राहतं. घरात फरशी असेल तर पडदा जमिनीपासून बोटभर वर ठेवायचा. जमीन सारवलेली असेल तर चांगला वीतभर वर, कारण शेणाचा काठ लागलेला पडदा धुणार कोण? पावसाळ्यात आमच्याकडे सुती पडदा चार-चार दिवस वाळत नाही, खोलीभर आंबट वास सुटतो, म्हणून तेव्हा पातळ नायलॉनचा लावायचा. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावलेला हवा. ज्यांना असे वेगवेगळे जोड ठेवणं जमत नाही त्यांना मी दुतोंडी पडदा शिवून देते. एका बाजूनं गडद, दुसऱ्या बाजूनं फिका. सण आला की उलटा करायचा, घर नवं दिसतं.

या धंद्यात माणसंही एकेक भेटतात. शहापुरातल्या एका गुरुजींनी माझ्याकडून पाच पडदे शिवून घेतले. मी त्यांच्या घरी लावायला गेले तर खिडक्या दोनच. मी म्हटलं, गुरुजी, बाकीचे तीन कुठं लावायचे? त्यांनी शांतपणे भिंतीवरच्या तीन जागा दाखवल्या, खिळेसुद्धा ठोकून ठेवले होते. "पाहुण्यांना वाटतं, खोलीला हवा भरपूर आहे," म्हणाले. मला राहवलं नाही. मी त्यातला एक पडदा सरकवून पाहिला, तर मागं पोपडे आलेली भिंत. गुरुजी म्हणाले, "बाई, तिथं खिडकी असती तर शेजाऱ्यांची मोरी दिसली असती. त्यापेक्षा हे बरं." पुढं काही वर्षं ते दर होळीनंतर माझ्याकडून ते तीनही पडदे बदलून घेत होते. खऱ्या खिडक्यांचे मात्र तेच राहिले.

वाशिंदला एका बौद्ध कुटुंबाच्या वन रूम किचनमध्ये आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं. बिल्डिंगमधली वीस-बावीस माणसं जमायची, आणि खोलीत निम्म्या जागेत सोफा. घरातल्या ताईंना तो सोफा माहेरून आलेला, काढवत नव्हता. मी दोन संध्याकाळ त्यांच्या दारात बसून नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, सोफा गावी पाठवा. त्या जागी सहा लांब गाद्या शिवल्या, पांढऱ्या खोळींच्या. दिवसा एकीवर एक रचल्या की बसायला उंच बैठक, संध्याकाळी पसरल्या की भिंतीला लागून बावीस माणसं बुद्धमूर्तीसमोर ऐसपैस बसतात. ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पौर्णिमेला खिरीचा डबा घेऊन स्वतः शहापूरला आल्या.

अशा कामांनी मला थोडी शिंगं फुटली होती. घर बघितलं की मला कळतं, असं मी चारचौघांत सांगायला लागले होते. ती शिंगं कुणी मोडली, ते आता सांगते.

मनोज मुरबाड-कल्याण रस्त्यावर जीप चालवतो. त्याचं गाव मुरबाडच्या पुढं डोंगराच्या अंगाला आहे. दोन-तीन वर्षांमागं चैत्रात तो माझ्याकडं आला, लाजत लाजत. वैशाखात त्याचं लग्न होतं. मुलगी सविता, वाशिंदची, तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. लग्नानंतर मुरबाडच्या कारखान्यात तसंच काम बघणार होती.

"ताई, ती ब्लॉकमध्ये वाढलीय," मनोज म्हणाला. "आमचं घर म्हंजे पडवी आणि आत एक खोली. चूल पण त्यातच. तिनी एकच सांगितलंय. सोनं नको, टीवी नको, पण माझी अशी खोली पायजे. आता भिंत बांधाला टाइम नाय. पडद्याचं काय जमंल का?"

हे माझ्या आवडीचं काम. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मुरबाडला आणि तिथून मनोजच्या जीपनं गावी गेले.

घरात मनोजची आई भागीबाई एकटीच होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साठीच्या घरातली, काटक, कासोटा मारलेला, बोलणं मोजकं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर पत्रा, जमीन नुकतीच सारवलेली. आतली खोली चांगली ऐसपैस होती. एका अंगाला चूल, मधे दोन खांब, भिंतीशी एक रिकामी कणगी, म्हणजे भात साठवायचं बांबूचं उंच कोठार, आणि बाकी सगळं मोकळं. पडवीत तीन शेळ्या. मी मनात म्हटलं, वाशिंदच्या माझ्या गिऱ्हाइकांना ही जागा दाखवली तर ती हेव्यानं आजारी पडतील.

मी माझे प्रश्न विचारले. भागीबाईंनी उत्तरं दिली, पण अशी की पुढं विचारायला नको.

"रागावल्यावर कुठं बसता?"

"रागवाला टाइम कुणाला हाय गो बाय?"

पूर्वेचा कोपरा मला पहिल्याच नजरेत आवडला. सकाळचं ऊन येणारा, दुपारी थंड, चुलीपासून लांब. नऊ फूट बाय आठ फूट जागा निघत होती. मी खांबापासून भिंतीपर्यंत तार ओढली, तिच्यावर दुतोंडी पडदा सोडला, आतून अबोली आणि बाहेरून मातकट, म्हणजे चुलीचा धूर बसला तरी दिसणार नाही. आतल्या बाजूला कंगवा, फोन, गोळ्यांची पाकिटं ठेवायला कप्पे शिवले. लग्नाच्या आधी सविता तिच्या आईबरोबर बघायला आली, तेव्हा तिनं पडदा तीन वेळा उघडला आणि तीन वेळा लावला. मग आत जाऊन उभी राहिली आणि आतूनच म्हणाली, "आई, इथून कायच दिसत नाय बाहेरचं." ती एवढी खूश झाली होती की मलाच भरून आलं.

भागीबाईंनी पडद्याचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. "झ्याक झालंय," म्हणाल्या. मग वर पत्र्याकडं बघून, "पावसात बघू." जुन्या माणसांना काहीतरी खोट काढायचीच असते, असं मी मनाशी म्हटलं आणि चहा पिऊन निघाले.

श्रावणात मनोजचा फोन आला. पहिल्या वर्षीची सून आखाडात माहेरी जाते, तशी सविता वाशिंदला गेली होती. आखाड संपला, श्रावणाचे दहा-बारा दिवस गेले, तरी ती परत येत नव्हती. तिनं जुन्या कंपनीत पुन्हा कामाला सुरुवातही केली होती. मनोज दोनदा जाऊन आला. ती भांडत नव्हती, रडत नव्हती, नुसती "बघू" म्हणत होती.

"तुमच्यात काही झालं का?" मी विचारलं.

"आमच्यात कायच नाय, ताई. देवाशपथ." मग म्हणाला, "आई बोलते, पडदेवाल्या बाईनी केलं हे. एकदा खोलीची सवय लावली, आता ती खोली मागते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्या पोरीला खोली दिली आणि दोष माझ्यावर? रात्रभर मी मनातल्या मनात भागीबाईंना उत्तरं देत होते. पण सकाळी उठल्यावर रागाच्या जागी उत्सुकता आली. एवढी खूश झालेली पोरगी तीन महिन्यांत त्या खोलीला विटली कशी? मी छत्री घेतली आणि मुरबाडची एसटी पकडली.

दारात पोचले आणि क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. पडवीला चारी बाजूंनी निळं प्लास्टिक बांधलेलं, तरी आत पाण्याचे ओघळ. आत गेले तर अंधार. माझ्या त्या पूर्वेच्या कोपऱ्यात छातीएवढी लाकडं रचलेली होती. त्यांच्या पुढ्यात गोवऱ्या, त्यांच्या शेजारी खताच्या गोणी, आणि गोण्यांना टेकून तिन्ही शेळ्या बसलेल्या, त्यात आता दोन करडांची भर. मी सवयीनं टेप काढला. नऊ बाय आठच्या खोलीतली तीन बाय चारची जागा उरली होती, तीही शेळ्या हलल्या तर. पडदा कुठं दिसेना. मग वर लक्ष गेलं. तो स्वच्छ घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वाशाला बांधून ठेवला होता. त्याला एक डाग नव्हता.

भागीबाई शेतावरून आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"भागीबाई, खोली कुठं गेली?"

"कुठं जाईल? तितंच हाय. लाकडांखाली."

"लाकडं दुसरीकडं नसती का ठेवता आली?"

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या. "कुठं ठेवू? पच्छिमेची झड मारते, ती भित सगळी भिजते, हात लावून बघा. पडवी तर गळतेच. आख्ख्या घरात सुकी जागा म्हंजे त्यो कोपरा. माझी सासू तितंच लाकडं ठेवाची, मी बी तितंच ठेवते. लाकूड भिजलं तर चार महिने खावाचं काय?"

"आणि शेळ्या?"

"पलीकडच्या वाडीवर बिबट्यानी दोन नेल्या. त्यांना भाईर ठेवू?"

"सविताला हे सगळं आधी सांगितलं होतं?"

"त्यात सांगाचं काय, ताई? पाऊस आला का लाकूड आत घेवाचं. हे कुणाला सांगावं लागतं?"

मी खाली बसले. मी त्या घरात वीस प्रश्न विचारले होते आणि वीसही प्रश्न चैत्रातल्या घराचे होते. पावसात तुमचं हे घर केवढं असतं, असं विचारायचं मला सुचलं नव्हतं. ब्लॉकमधलं घर बारा महिने तेवढंच राहतं, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं ब्लॉकमधली. मी स्वतः शहापुरात पक्क्या घरात वाढले. "पावसात बघू" असं बाई सांगत होत्या, आणि मी तो म्हातारपणाचा किरकिरेपणा समजले होते.

"मला वर्षभराचं सांगा," मी म्हटलं. "कुठल्या महिन्यात काय कुठं असतं?"

भागीबाईंना प्रथम ते खुळ्यासारखं वाटलं. पण मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उलटं करून जमिनीवर पसरलं आणि चुलीतला एक विझलेला कोळसा त्यांच्या हातात दिला. त्यांनी घराचा चौकोन काढला, दोन खांबांच्या जागी दोन ठिपके दिले, आणि एकदा सुरुवात झाली तसं त्यांचं मोजकं बोलणं कुठल्या कुठं गेलं. दिवाळीच्या तोंडावर भात येतं, तेव्हा कणगी भिंतीपासून सुटते आणि दोन खांबांच्या मधे येते, म्हणजे चारी बाजूंनी हवा लागते आणि उंदीर दिसतो. त्या दिवसांत घर निम्मं होतं. पण लाकडं निम्मी जळालेली असतात, म्हणून पूर्वेचा कोपरा अर्धा सुटतो. पौषानंतर वाल आणि हरभरा येतो, तो पश्चिमेच्या भिंतीशी, कारण तोवर भिंत सुकून खडखडीत झालेली असते. शिमग्याला कणगी रिकामी होऊन परत भिंतीशी जाते. चैत्रात राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेतातली जमीन भाजायचे दिवस, तेव्हा पेंढा, पाला, शेण सगळं शेतावर जातं आणि घर रिकामं होतं.

"म्हणूनच लग्नं तवाच करतात," त्या म्हणाल्या. "पावनं बसवाला जागा तवाच असते."

प्रत्येक महिन्याला त्यांनी वेगळा चौकोन काढला होता, आणि प्रत्येकात एकेक वस्तू तिच्या जागी. हात कुठंही अडखळला नव्हता. घर बघितलं की मला कळतं असं मी लोकांना सांगत होते. ही बाई चाळीस वर्षं एका खोलीतून दर दोन महिन्यांनी नवं घर काढत होती, टेपशिवाय, आणि त्याला काही नाव असतं हेही तिला माहीत नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

ते कॅलेंडर गुंडाळून घेऊन मी दोन दिवसांनी वाशिंदला गेले. सविता नुकतीच कंपनीतून आली होती. तिच्या आईच्या ब्लॉकमधल्या बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. मी विचारलं, शेळ्यांचा त्रास झाला का?

"शेळ्यांचं काय नाय, ताई," ती म्हणाली. "धुराचं पण काय नाय. मी संध्याकाळी कामावरून आले. सकाळी खोली होती. संध्याकाळी पडदा नाय, गादी नाय, माझी पेटी लाकडांवर ठेवलेली. शेळीचं करडू माझ्या ओढणीवर बसलेलं. आई बोलल्या, हात धू, जेवून घे. एवढंच. कोण कायच बोललं नाय. मनोज पण जेवला, जसं काय झालंच नाय." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "मला वाटलं, मला काढली."

मी कॅलेंडर उलगडलं आणि एकेक चौकोन समजावून सांगितला. ती पुढं वाकून बघत होती. कोळशाच्या रेघा आता थोड्या पुसट झाल्या होत्या.

"म्हंजे दर वर्षाला हे असं हलतं?"

"दर वर्षाला."

"मग लाकडं मी पण उचलली असती ना, ताई. मला कुणी बोलायला पायजे होतं फक्त." तिनं कॅलेंडर गुंडाळून माझ्या हातात दिलं. "गौरी-गणपतीला मी येते. पण दिवाळीपर्यंतच बघीन. तुमी बोललात ना, भात येतो तवा परत सगळं हलतं? तवा त्यांनी मला विचारलं पायजे. नाय विचारलं तर मी परत वाशिंदला. मग मनोजला इकडं यायचं तर येऊ दे."

हा निरोप मी भागीबाईंना पोचवला. गौरी-गणपतीच्या आधी पुन्हा गेले होते, तारांची व्यवस्था करायला. मी ठरवलं होतं की खोली एका जागी न ठेवता फिरती ठेवायची. कोळशाच्या चौकोनांप्रमाणे घरात तीन ठिकाणी कड्या ठोकल्या. तार तीच, पडदा तोच, कडीतून काढून दुसऱ्या कडीत अडकवला की खोली दुसरीकडं. पावसाळ्यातली जागा चुलीच्या मागच्या अंगाला निघाली, सहा बाय पाच, अरुंद, पण उबदार आणि कोरडी. भागीबाईंनी कड्या ठोकायला मला मदत केली, खांब कुठं पोकळ आहे ते दाखवलं. पण निरोप ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"सुनंला इचारून भात ठेवू आता? माझ्या घरात?"

मनोजनं नंतर सांगितलं, सविता गौरीच्या आदल्या दिवशी आली. दोघी एकमेकींशी नीट वागत होत्या, पण दोघींपैकी एकही हसत नव्हती. मनोज बिचारा जीपच्या खेपा वाढवून बाहेरच राहत होता.

कोजागिरी झाली आणि भात कापणीला आलं. कणगी मधे येणार, पूर्वेचा कोपरा सुटणार, म्हणजे खोली पुन्हा हलणार. ती पूर्वेला गेल्यावर तारेला ताण नीट बसतो का, हे बघायला मी मुद्दाम त्याच सुमाराला गेले. खोटं कशाला बोलू, तार हे निमित्त होतं. भागीबाई काय करतात हे मला बघायचं होतं. माझा आणि त्या तारेचा काही संबंध असो नसो, त्या घरातली पोरगी राहणार की जाणार, याचा माझ्या जिवाला घोर लागला होता.

दुपारचे चार वाजले असतील. सविता सुट्टी असल्यानं घरात होती, चुलीमागच्या पडद्याआड, काहीतरी शिवत. मी स्टुलावर चढून पूर्वेची कडी तपासत होते. भागीबाई खळ्यावरून आल्या, अंगावर भाताचा भुसा. त्या सरळ कणगीकडं गेल्या, तिच्यावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग कणगी सोडून पडद्यापाशी आल्या. पडद्याला हात लावला नाही. दोन पावलं अलीकडं थांबून त्या खाकरल्या.

"सविता, हायेस का आत?"

"हाय."

"उद्या भात येनार. कणगी मधी घेवाची." भागीबाईंचा आवाज रोजच्यापेक्षा बारीक झाला होता. "तुजी खोली कुठं नेऊ?"

पडदा सरकला आणि सविता बाहेर आली. सुई-दोरा हातात तसाच होता. तिनं पूर्वेच्या कोपऱ्याकडं बघितलं, उरलेल्या लाकडांकडं बघितलं.

"तिकडं नेऊ या का? लाकडं मी आज भिताडाला लावून रचते, म्हंजे जागा होईल."

"नीग मग. मी बी येते."

दोघी लाकडांशी गेल्या. तीन-चार लाकडं उचलून झाल्यावर सविता मधेच थांबली.

"आई, आणि तुमी कुठं निजाल? मधी तर कणगी येणार."

"मी? जागा उरंल तितं."

"म्हंजे कुठं?"

"पडवीत. थंडी पडली का चुलीपाशी. कदी माळ्यावर. माझं काय गो."

"लग्न होऊन आल्यापासून?"

भागीबाई हसल्या, पहिल्यांदाच. "मंग? त्या टायमाला या घरात नऊ माणसं होती. कोन इचारतंय."

मी स्टुलावर उभीच होते. त्यांनी मला कोळशानं घराचे सगळे चौकोन काढून दाखवले होते. कणगी, लाकडं, वाल, शेळ्या, सुनेची गादी, सगळं त्यात होतं. त्यांची स्वतःची जागा एकाही चौकोनात नव्हती, आणि ती नाही हे मला एवढ्या महिन्यांत दिसलं नव्हतं. मी त्यांना ती कधी विचारलीच नव्हती.

सवितानं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "ताई, अजून एक पडदा किती दिवसांत होईल?"

"मला काय करायचाय पडदा?" भागीबाई म्हणाल्या.

"असू दे. चुलीमागची जागा आता रिकामी होते ना? तिथं तुमचा."

मी टेप काढला. सहा बाय पाच, मापं मला पाठच होती, तरी पुन्हा घेतली. रंग कुठला हवा म्हणून विचारलं तर भागीबाई नको-नको म्हणत राहिल्या, कसलाबी चालेल, जुनं लुगडं लावा, एवढं कापड कशाला फुकट घालवायचं. सविता हटेना. शेवटी पदर तोंडावर घेऊन त्या म्हणाल्या, "मोठाली फुलं असतात बघा, त्यातलं. लाल."

मी वहीत लिहून घेतलं आणि निघायची तयारी केली. सविता लाकडं रचत होती. भागीबाई मला सोडायला पडवीपर्यंत आल्या, मागं वळून बघितलं आणि माझ्या जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "ताई, पडद्याला आतून कडी लावता येते का?"

पंचवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. येते, म्हटलं. शहापूरला येऊन मी लाल फुलांचा पडदा शिवला आणि आतल्या बाजूला काठाला एक जाड कापडी पट्टी लावली, तिला कोटाचं मोठं बटण. ते खांबावरच्या फासात अडकवलं की पडदा बाहेरून सरकत नाही.

सविता सांगते, भागीबाई ते रोज लावतात. घरात दुसरं कुणी नसलं तरी लावतात.